बंदराच्या हद्दीतला युरोप

भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नसते, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. जहाजावर जाण्यापूर्वी मी समुद्र पाहिला होता तो मुंबईत, तोही प्रशिक्षणाला गेलो तेव्हा. सकाळी भिंतीला भिडलेलं पाणी दुपारी पार आत गेलेलं असायचं आणि मधे काळा चिखल, त्यात कललेल्या होड्या. समुद्र म्हटला की तो येणार आणि जाणार, हे मनात पक्कं बसलं होतं. बार्सिलोनाला गँगवेवरून पहिल्यांदा खाली उतरलो तेव्हा धक्क्याच्या दगडावर शेवाळाची एक अरुंद पट्टी दिसली. दुपारी परत आलो तरी पाणी त्याच पट्टीला लागलेलं. पुढच्या फेरीलाही तिथेच. गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, माझ्याबरोबर एक वयस्क गोवेकर होते, त्यांना विचारलं, "अंकल, इथलं पाणी उतरत कसं नाही?" ते म्हणाले, "पुता, हा समुद्र चारी बाजूंनी कोंडलेला. जिब्राल्टरला चौदा किलोमीटरचं एक दार, तेवढंच. महासागराची भरती त्यातून आत येऊन येऊन किती येणार?"

माझं गाव हिंगोली जिल्ह्यात, वसमत तालुक्यात. घरी हळद. मोठं पाणी म्हणजे सिद्धेश्वरचं धरण आणि पूर्णेचा कालवा. पोहायला शिकलो ते विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. समुद्रावरची नोकरी कोकणातल्या नाहीतर गोव्यातल्या माणसाची, असंच आमच्याकडे धरून चालतात. गोव्यात घराघरांतून तारवटी निघाले, रत्नागिरीच्या खाड्यांवरून पिढ्यान् पिढ्या खलाशी गेले. आमची मुलं जातात ती पुण्याला, फार तर हैदराबादला. मी छत्रपती संभाजीनगरला हॉटेल मॅनेजमेंटची पदविका घेतली आणि एका सीनियरच्या सांगण्यावरून या वाटेला लागलो. आधी इंडोस म्हणजे खलाशाचा नोंदणी क्रमांक, मग एसटीसीडब्ल्यूचे म्हणजे सुरक्षिततेचे प्राथमिक कोर्स, मान्यताप्राप्त डॉक्टरकडची तपासणी, सीडीसी म्हणजे खलाशाची नोंदवही, पिवळ्या तापाची लस. कोर्समध्ये आग विझवायला शिकवतात, प्रथमोपचार शिकवतात, उलटा पडलेला रबरी तराफा पाण्यात राहून सरळ करायला लावतात. विहिरीत काठावरून सूर मारणाऱ्या मला तिथे पहिल्यांदा कळलं की लाइफजॅकेट घालून सूर मारायचा नसतो. नाक दाबायचं, जॅकेट छातीशी घट्ट आवळायचं, पाय जुळवायचे आणि उभ्याने सरळ खाली पडायचं.

काम मिळालं ते एका क्रूझ जहाजावर, गॅली युटिलिटीचं. म्हणजे भांडी, ओटे, फरशी, कचऱ्याची वर्गवारी. घासणं, विसळणं आणि जंतुनाशकात बुडवणं यांसाठी तीन वेगळ्या टाक्या, प्रत्येकीच्या पाण्याचं तापमान ठरलेलं आणि ते वहीत लिहायचं. प्रवाशांना दिसतं ते जहाज निराळं आणि आम्ही राहतो ते निराळं. प्रवाशांच्या मजल्यांखाली नाळेपासून मागच्या टोकापर्यंत एक सरळ लांबच लांब बोळ जातो; अमेरिकेतल्या एका महामार्गावरून त्याला सगळे 'आय-नाइन्टीफाइव्ह' म्हणतात. फोर्कलिफ्ट, चादरींच्या गाड्या, बर्फाच्या पेट्या आणि कितीतरी देशांची माणसं तिथून सतत वाहत असतात. माझी केबिन पाण्याच्या पातळीखाली होती. खिडकी नाही, एकावर एक दोन बंक, प्रत्येकाला पडदा. सुरुवातीला दिवस आहे की रात्र, हेच उमगायचं नाही. बंदर आलं हे मला भांड्यांवरून कळायचं. जहाज धक्क्याला सरकवण्यासाठी बाजूचे थ्रस्टर सुरू झाले की स्टीलच्या ट्रेंची चळत थरथरायला लागे, आणि ती थांबली की समजायचं, लागलो.

कुठे लागलो, ते भिंतीवरच्या कागदावर. बंदराचं नाव, खाली उतरायची वेळ, परत जहाजावर असण्याची वेळ. कागदावर नेपल्स लिहिलेलं असायचं आणि माझ्यासमोर सूपाचं पातेलं. वर एक शहर उभं आहे आणि आपण त्याच्या पायाशी भांडी घासतोय, हा विचार पहिल्या दिवसांत फार अस्वस्थ करायचा.

खाली उतरता येणं हाही हिशेबाचाच भाग. खलाशांच्या कामाचे नियम 2006 च्या सागरी कामगार करारात आहेत: चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती, आणि तीही फार तर दोन तुकड्यांत, त्यांतला एक तुकडा किमान सहा तासांचा. दुपारचं जेवण उरकल्यावर आणि रात्रीच्या तयारीआधी जो मोकळा वेळ मिळतो, तो झोपेचाही असतो आणि शहराचाही. शिवाय आग लागली किंवा जहाज रिकामं करायची पाळी आली तर पुरेशी माणसं हवीत, म्हणून बंदरात असताना काही जणांना जहाजावरच थांबावं लागतं. आपलं नाव त्या यादीत असलं की त्या दिवशी शहर नाही. यादीत नाव नसेल तेव्हा काय करायचं, ते गोवेकर अंकलनी एका वाक्यात सांगितलं: "शहर मागाहून बघ, आधी परतीची वाट बघ." तेव्हापासून गँगवे सोडला की मी आधी मागे वळून पाहायचो. धुराडं कोणत्या बाजूला दिसतं, बंदराच्या फाटकाचा क्रमांक काय, शेवटची बस किती वाजता.

माझ्या भटकंतीला आकार दिला तो मात्र एका कायद्याने. युरोपातल्या शेंगेन देशांत खलाशाला उतरण्यासाठी एक तरतूद आहे. जहाजाच्या कर्मचारी-यादीत नाव असेल आणि खलाशाचं ओळखपत्र असेल, तर त्याला बंदर ज्या नगरपालिकेत आहे तिच्या आणि तिला लागून असलेल्या नगरपालिकांच्या हद्दीत व्हिसाशिवाय फिरता येतं. त्यापलीकडे नाही. माझा व्हिसा जहाजावर रुजू होण्यापुरता, एकदा आत येण्याचा होता. तो वापरून झाला होता. म्हणजे माझा युरोप बंदराच्या नगरपालिकेपासून सुरू होऊन शेजारच्या नगरपालिकेपाशी संपत होता. पहिल्यांदा हे समजलं तेव्हा वाईट वाटलं. पुढे त्यातूनच मला या शहरांकडे पाहायची एक रीत मिळाली. प्रवासी बसमध्ये बसून लांब निघून जातात. बंदराच्या भोवतालचा गाव आम्हा कामगारांच्या वाट्याला येतो, आणि तो कामगारांचाच असतो.

या नियमाचा सगळ्यात ठसठशीत नमुना म्हणजे चिविताव्हेकिया. कागदावर त्याच्यापुढे कंसात 'रोम' असं लिहितात. रोम तिथून रेल्वेने तासाभरावर, पण लगतची नगरपालिका नाही. त्यातून बहुतेक वेळा तिथे प्रवासी बदलतात. जुने उतरतात, नवे चढतात, हजारो बॅगा, हजारो चादरी. श्वास घ्यायला फुरसत नसते. तिथे मी पाहिला तो धक्क्यालगतचा जाड बुरुजांचा किल्ला, ज्याला मायकेलअँजेलोचं नाव आहे, आणि ट्राजन या रोमन सम्राटाने बांधून घेतलेल्या बंदराचे उरलेसुरले दगड. रोम पाहिलं का, असं गावाकडे सगळे विचारतात. नाही पाहिलं.

बार्सिलोनाला मात्र हद्द पुरून उरते. क्रूझ धक्क्यावरून बस पूल ओलांडून कोलंबसाच्या खांबापाशी सोडते. 1888 च्या प्रदर्शनासाठी उभारलेला साठ मीटर उंच खांब, वर कोलंबस हात लांबवून उभा. तिथून रांब्ला हा झाडांचा रस्ता वर जातो आणि सगळे प्रवासी त्याच्यावरून सरळ चालत राहतात. डाव्या हाताला वळलं की रावाल हा जुना, दाट वस्तीचा भाग लागतो. गल्ल्या अरुंद, बाल्कन्यांत कपडे वाळत घातलेले, आणि दुकानांच्या पाट्यांवर उर्दू आणि बंगाली. मोबाइलवाले, केशकर्तनालयं, किराणा. "किधर से हो भाई?" असं कुणी तरी विचारलं आणि मी थबकलोच. जहाजावर सगळा व्यवहार इंग्रजीतून, तोही मोजक्या शब्दांत. इथे परक्या शहरात माझ्याशी माझ्या ओळखीच्या भाषेत बोलणारा माणूस पाकिस्तानी पंजाबातला निघाला. त्याच्या किराण्यात मी हळद शोधली. शेतकऱ्याच्या मुलाला ते टाळता येत नाही. शंभर ग्रॅमची पुडी, मागे 'भारत' लिहिलेलं, जिल्हा-तालुका काही नाही. आम्हाला वसमतच्या मोंढ्यात किलोला जो भाव मिळतो, त्याच्या आसपासची किंमत त्या पुडीवर होती. दुकानदाराने वायफाय दिलं. तिथे दुपारचे दोन म्हणजे गावाकडे साडेपाच. वडील नुकतेच शेतातून आले होते. व्हिडिओवर पुडी दाखवली तर त्यांनी भाव विचारला, थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "कांडी ठेवतात का बघ. का सगळी भुकटीच खपते?" मी पाहिलं. सगळी भुकटीच होती. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते नाव त्या पुडीच्या मागे छापून येईल तेव्हा मानांकनाचा खरा उपयोग झाला, असं मला त्या दुकानात उभं राहून वाटलं, आणि आजही वाटतं.

मार्सेयचा क्रूझ धक्का शहरापासून दूर उत्तरेला आहे. तिथे जहाज शिरताना माझी सुट्टी होती आणि मी कर्मचाऱ्यांच्या मोकळ्या डेकवर उभा होतो. 8 जुलै 1910 रोजी याच बंदरात 'मोरिया' या बोटीच्या पोर्टहोलमधून सावरकर समुद्रात उतरले होते. शाळेत ती उडी पाठ केली होती. जहाजावर राहिल्यावर तिच्यातल्या काही गोष्टी मला नव्याने दिसल्या. पोर्टहोल किती लहान असतं, हे मी रोज पाहत होतो. पाण्यात पडल्यावर जहाजाची बाजू खालून किती उभी आणि गुळगुळीत दिसते, हे प्रशिक्षणात पाहिलं होतं. पोहून जाणं एक वेळ जमेल, पण पुढे ओल्या धक्क्याच्या दगडी भिंतीवर चढायचं, आणि चढल्यावर भाषा येत नसलेल्या देशात धावायचं. फ्रेंच पोलिसाने त्यांना धरून पुन्हा बोटीवर दिलं, आणि फ्रान्सच्या भूमीवर हे योग्य झालं का, हा वाद हेगच्या लवादापर्यंत गेला. 1911 च्या फेब्रुवारीत निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. माणूस धक्क्यावर पाय ठेवतो तेव्हा तो कोणत्या कायद्याखाली येतो, हा प्रश्न माझ्या खिशातल्या ओळखपत्राचाही होता, म्हणून ती गोष्ट मला इतकी जवळची वाटली.

मार्सेयमधली दुसरी जागा म्हणजे टेकडीवरचं नोत्र-दाम द ला गार्द हे चर्च. जुन्या बंदरापासून बस वर जाते. आत मान वर केली आणि पाहतच राहिलो: छतापासून दोऱ्यांवर लहान लहान जहाजं लटकलेली. शिडाची, वाफेची, मच्छीमारांची. वादळातून वाचलेल्या खलाशांनी आणि त्यांच्या घरच्यांनी वाहिलेली नवसाची जहाजं. भिंतीवर संगमरवरी पाट्या, त्यांवर आभाराचे शब्द आणि सालं. औंढ्याला नागनाथापुढे नवस फेडायला आलेली माणसं लहानपणापासून पाहिलेली, त्यामुळे ही भाषा मला कुणी समजावून द्यावी लागली नाही. तिथे मी आईसाठी बराच वेळ बसलो. मी समुद्रावर असताना ती नर्सीला नामदेवाच्या मंदिरात जाऊन येत होती, हे मला ठाऊक होतं.

जिनोआबद्दल थोडंच सांगतो, कारण तिथे वेळ नेहमी कमी मिळाला. बंदरासमोरच्या गल्ल्या इतक्या चिंचोळ्या की दोन्ही भिंतींना हात लागतात. तिथल्या समुद्रविषयक संग्रहालयात स्थलांतरितांचं दालन आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून लाखो इटालियन माणसं पोटासाठी या आणि नेपल्सच्या बंदरातून अमेरिकेला गेली. त्यांच्या बोटीतले बंक तिथे उभे करून दाखवलेत. आज ज्यांच्या देशात आपण कामाला जातो, त्यांचे आजे-पणजे असेच तळमजल्यावर दाटीवाटीने झोपून गेले होते.

नेपल्स मात्र मला सगळ्यांत जास्त मिळालं. जहाज अगदी शहराच्या पोटाशी लागतं. समोर कास्तेल नुओव्हो हा पाच बुरुजांचा किल्ला, मागे व्हेसुव्हियस. इसवी सन 79 मध्ये त्याच्या उद्रेकात गाडलं गेलेलं पाँपेई पाहायला प्रवाशांच्या बसगाड्या निघतात. पाँपेई नेपल्सला लागून नाही, मधे बरीच गावं आहेत. त्यामुळे ते माझ्या हद्दीबाहेर. पण पाँपेईत सापडलेल्या उत्तमोत्तम वस्तू नेपल्सच्याच राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात ठेवलेल्या आहेत, आणि ते हद्दीत. बंदरासमोर मुनिचिपिओ हे मेट्रो स्टेशन आहे. ते खोदताना प्राचीन बंदराचा गाळ लागला आणि त्यात रोमन काळच्या होड्या निघाल्या. तिथून तिसरं स्टेशन 'म्युझेओ'. मंगळवारी बंद असतं, हे जाणाऱ्याने ध्यानात ठेवावं.

त्या संग्रहालयातल्या 'गुप्त दालना'त, रोमन लोकांच्या शृंगारिक वस्तूंच्या संगतीत, एका काचेमागे हस्तिदंताची एक बाई उभी आहे. उंची सुमारे पंचवीस सेंटिमीटर. दंडापासून मनगटापर्यंत आणि पोटऱ्यांवर दागिनेच दागिने, कमरेला मेखला, एक हात वेणीकडे गेलेला, दोन्ही बाजूंना लहानशा दासी. डोक्यातून खाली गेलेलं उभं भोक आहे, म्हणून ती आरशाची मूठ किंवा एखाद्या चौरंगाचा पाय असावी असं मानतात. 1938 मध्ये ती पाँपेईच्या एका घरात सापडली. जगात तिला 'पाँपेई लक्ष्मी' म्हणतात, पण अभ्यासकांच्या मते ती यक्षी असण्याचा संभव अधिक. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि माझ्या छातीत धडधडायला लागलं, कारण शाळेच्या सहलीत आम्हाला धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला नेलं होतं आणि तिथल्या संग्रहालयात याच घडणीची, हस्तिदंताचीच एक लहान मूर्ती सरांनी दाखवली होती. तेव्हा आम्ही पुढे पळालो होतो. ही नेपल्समधली मूर्ती कुठे घडली यावर मतभेद आहेत; कुणी मथुरा म्हणतात, तिच्या तळाशी खरोष्ठी या वायव्येकडच्या लिपीतलं अक्षर असल्याने कुणी तिकडे बोट दाखवतात. पण जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला उत्खननात निघालेला हस्तिदंती मूर्तीचा तुकडा आणि तेरची मूर्ती हिच्या इतक्या जवळच्या आहेत की ती आपल्याच सातवाहनकालीन कारागिरांच्या हातची असावी, असं मानणारेही पुष्कळ आहेत. मी अभ्यासक नाही. मी ही आणि तेरची, दोन्ही मूर्ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत, आणि मला ती आपली वाटते.

ती तिथे पोचली कशी, याचा मार्ग लिहिलेला आहे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक भाषेतल्या व्यापारी वाटाड्यात, ज्याला पेरिप्लस म्हणतात, पैठण आणि तगर म्हणजे आपलं तेर ही दक्षिणेतली मोठी पेठगावं म्हणून नोंदली आहेत. भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, तिथून तेर पूर्वेला आणखी दहा. पैठणहून अकीकासारखे दगड आणि तेरहून कापड गाड्यांत भरून, रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जायचं. पुढे अरबी समुद्र, तांबडा समुद्र, अलेक्झांड्रिया, आणि मग भूमध्य समुद्र ओलांडून इटली. अलेक्झांड्रियाची जहाजं तेव्हा जिथे लागत ते बंदर पुतेओली, आजचं पोझ्झुओली. ते नेपल्सला लागून आहे. म्हणजे हद्दीत.

पुढच्या फेरीला मी तिथे गेलो. नेपल्सहून छोटी रेल्वे जाते. गावाच्या मधोमध रोमन बाजारपेठेचे अवशेष आहेत आणि त्यात तीन उंच संगमरवरी खांब. खांबांवर, माणसाच्या डोक्याच्याही वर, भोकाभोकांचा एक पट्टा आहे. ती भोकं समुद्रातल्या शिंपल्यांनी पोखरलेली. म्हणजे हे खांब एके काळी तेवढे समुद्रात बुडाले होते आणि पुन्हा वर आले. समुद्र चढला-उतरला नव्हता. खालच्या ज्वालामुखीमुळे जमीनच खचत आणि उचलत राहिली आहे, आणि आजही ते चालू आहे. चार्ल्स लायेल या भूशास्त्रज्ञाने 1830 मध्ये आपल्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच या खांबांचं चित्र छापलं. ज्या समुद्राचं पाणी हलत नाही म्हणून मी गोंधळलो होतो, त्याच्या काठावर जमीन हलते, हे मी त्या दुपारी शिकलो. त्या बाजाराच्या परिसरात मराठवाड्यातून आलेला माल कधी तरी उतरला असेल, असं मानायला मला काही हरकत दिसत नाही.

हिंगोली, परभणी, नांदेडकडच्या मुलांना या कामाविषयी दोन गोष्टी सांगायच्या आहेत. काम अंगमेहनतीचं आहे, महिनोन् महिने सलग आहे, आणि शहरं तुकड्यातुकड्यांत मिळतात. तरीही जाण्याजोगं आहे. जाण्याआधी तेरचं लामतुरे संग्रहालय पाहून जा, म्हणजे नेपल्समध्ये काय पाहायचं ते कळेल. दुसरी गोष्ट पैशाची. आमच्या भागात फिरणाऱ्या एका एजंटाने माझ्याकडे नोकरीसाठी काही लाख मागितले होते. जमीन गहाण ठेवून असे पैसे देणारी घरं मला माहीत आहेत. 2006 चा सागरी कामगार करार भारताने 2015 मध्ये मान्य केला आहे, आणि त्यानुसार नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घेता येत नाहीत. पासपोर्ट, सीडीसी आणि वैद्यकीय तपासणीचा खर्च आपण करायचा. व्हिसाचा खर्च जहाजमालकाचा. भरती करणाऱ्या संस्थेकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना लागतो आणि परवानाधारकांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. समोरच्याचं नाव त्या यादीत नसेल, किंवा असूनही तो नोकरीसाठी पैसे मागत असेल, तर कागदावर सही करू नका आणि तिथून उठून या.